एकोणिसाव्या कारखान्याची व ठिपकेदार चवळीची बखर

श्री वनदेवी समर्थ. मुळास पाणी, पानास ऊन, ऐकणारांस आयुष्य. राज्यशक एकशे सतरा, पल्लवनाम संवत्सर, आषाढापासोन दिवाळीपर्यंत चवळीच्या बागेत जे वर्तले ते जैसे वर्तले तैसे लिहिले असे. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, म्हणोन लिहिले नाही. राज्य होते, नदी होती, नदीकाठी गढी होती आणि गढीत महाराज होते, आणि महाराजांचे अठरा कारखाने होते, हत्तींचा वेगळा, तोफांचा वेगळा, अत्तरांचा वेगळा, आणि पतंगांचासुद्धा वेगळा, कारण महाराजांस पतंगांचा फार षोक. (येथील चार ओळी कसरीने खाल्ल्या आहेत. त्यांत एक लढाई होती. खाल्ली ते बरेच जाहले. लढाया इतरांच्या बखरींत पुष्कळ आहेत.) मग एके वर्षी एकोणिसावा कारखाना उभा राहिला. त्यांत हत्ती नाही, तोफ नाही, भट्टी नाही. वर काचेचे छत आणि खाली चवळी. त्याच्या कारखानीस भिवराबाई शेवडे. बाई वैद्यकी शिकलेल्या, परमुलखांत राहोन आलेल्या, चालण्यात घाई, बोलण्यात त्याहून घाई, आणि दोन्ही तळहातांस सदा हिरवा डाग. दरबारी मंडळी हसत आणि म्हणत, "अठरा कारखान्यांनी राज्य चालते, एकोणिसाव्याने उसळ होते." बाई ऐकत आणि पुढे चालू लागत, कारण थांबोन उत्तर देण्यास त्यांस सवड नसे.

ही चवळी उसळीची नव्हती. तिच्या पानांवर पिवळे ठिपके होते, आणि ते ठिपके हेच त्या कारखान्याचे पीक. कैसे, ते ऐकावे. त्या राज्यात कर्करोग फार माजला होता. बाई दरबारात सांगत की, देह म्हणजे गढी, आणि गढीत पहारेकरी असंख्य आहेत, शूर आहेत, परका माणूस दिसला की त्यास जागीच लोळवितात. परंतु ही गाठ परकी नव्हे, ती घरातली फितूर, तिचा पोशाख आपलाच, बोली आपलीच, म्हणोन पहारेकरी तिला मुजरा करितात आणि वाट देतात आणि ती आत बसोन वाडे बांधते. आणि चवळीस एक रोग होतो, डोळ्यांस न दिसणाऱ्या बारीक कणांचा, त्याने पान ठिपकते. माणसास त्याची बाधा नाही, परंतु पहारेकऱ्यांस तो अगदी परका. मग ते कण पानांतून काढावे, गाळावे, निवळावे आणि सुईने थेट गाठीत सोडावे, की गाठीच्या दारातच बोंब उठते, "परका आला, परका आला!" आणि सारे पहारेकरी तेथे धावतात, आणि धावोन आले की फितुराचे तोंड जवळोन पाहतात. एकदा तोंड ओळखले की मग तो गढीत कोठेही दडो, सुटत नाही. हीच लस. महाराज म्हणाले, "आणि हे औषध करावयास भट्टी लागत नाही?" बाई बोलिल्या, "महाराज, ऊन लागते, पाणी लागते आणि चवळी लागते. बाकी काम पानच करिते." महाराज प्रसन्न जाहले. शिकारखान्यातील वाघी नामे कुत्रीच्या जबड्यास गाठ होती, तिजवर आधी प्रयोग केला, ती बरी जाहली आणि बरे होताच प्रथम बाईंसच चावली, तेव्हा सगळ्यांस खूण पटली.

आता माणसाची पाळी. तर नौबतखान्यात कर्णा वाजविणारे मानाजी शेवडे, बाईंचे थोरले बंधू. देह धिप्पाड, आवाज त्याहून धिप्पाड, सकाळी त्यांचा कर्णा वाजला की नदीपलीकडील गाढवेही उत्तर देत. त्यांच्या मानेवर कर्करोगाची काळी गाठ आली, चिंचोक्याएवढी होती ती लिंबाएवढी जाहली, आणि दुसरी डाव्या काखेत आली, आणि कर्णा फुंकता दम पुरेना. गावच्या वैद्यांनी हात टेकले. मग मानाजी आपल्या पायांनी बागेत आले आणि म्हणाले, "भिवरे, कुत्रीला दिलेस ते मला दे." बाई म्हणाल्या, "दादा, वाघी जगली. तिच्या मागची दोन जगली नाहीत. तुझे काय होईल ते मला सांगता येत नाही." मानाजी म्हणाले, "तुला सांगता येत नाही असे तू आजपर्यंत कधी म्हणाली नव्हतीस. म्हणजे खरे बोलतेस. टोच." त्यांच्या पत्नी ठकूबाई शेजारी उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "वन्सं, टोचा, पण चावायची सवय लागली तर तुमच्याकडे पाठवीन." मग माणसावर प्रयोग करावा की नाही हे ठरविणाऱ्या न्यायसभेची परवानगी जाहली, महाराजांची मर्जी जाहली, आणि आषाढात पहिली सुई मानेच्या गाठीत दिली. काखेच्या गाठीस हात लाविला नाही. ती मुद्दाम राखिली. मानेवरच्या गाठीने पहारेकरी जागे जाहले आणि त्यांनी खरोखर तोंड ओळखले, तर काखेतली न टोचिता जावी. गेली तर लस. न गेली तर नुसती सूज.

आता एकच अडचण की एका सुईने भागत नाही. थोड्या थोड्या अंतराने पुन्हा द्यावी लागते, आणि एका सुईस पानांचा ढीग लागतो. आणि चवळीस रोग लावणे हे नाजूक काम. ठिपक्यांच्या पानाचा रस काढावा, त्यांत विटकरीची वस्त्रगाळ पूड चिमूटभर घालावी आणि निरोगी पानावर फडक्याने हलके चोळावे, इतके हलके की पान फाटू नये, इतके जोराने की बारीक ओरखडा उठावा. त्या ओरखड्यातून कण आत शिरतात. बाईंच्या हाताखाली चार बायका, आणि एकेक पान चोळावयाचे, म्हणोन पुढचे काही वाफेच ठिपकले होते आणि मागची सारी बाग अजून हिरवीगार वाट पाहत होती. आणि ते ठिपके राज्यात दुसरीकडे कोठे नव्हते. परमुलखातून एका वाळल्या पानात आले होते, ते पान कधीच संपले होते.

ऐशा समयी महाराजांची पाहणी ठरली.

त्या दौलतीत पाहणीचा रिवाज असा होता की, महाराजांच्या दृष्टीस आजारी, मोडके, फाटके काही पडू नये. लंगडा घोडा मागे बांधावा, तडकलेल्या रांजणाची तड भिंतीकडे करावी, खोकणारा असेल त्यास त्या दिवशी मामाच्या गावी पाठवावे. हे काम झाडलोट महालाचे दारोगा बाळोबा निवळकर यांजकडे. गृहस्थ प्रामाणिक, वक्तशीर, आणि चकाकीचे भारी वेडे. जे दिसेल त्यास विटकरीची पूड लावोन घासावयाचे, समया, तरवारी, हत्तींची नखेसुद्धा. पाहणीच्या सकाळी भिवराबाई दरबारात स्वागताचे भाषण पाठ म्हणोन दाखविण्यास गेल्या, कारण तोही रिवाजच, आणि बाळोबा आपली पन्नास माणसे घेऊन बागेत आले. बागेच्या दारात बाईंनी स्वतः पाटी लाविली होती: "येथील रोपे रोगट आहेत." बाळोबांनी ती वाचिली आणि त्यांस भरोन आले. आजवर कोणत्याही कारखान्याने आपण होऊन आपली घाण इतकी स्पष्ट दाखविली नव्हती! मग त्यांनी हुकूम सोडिला, आणि माणसांनी ठिपक्यांचे एकेक रोप मुळासकट उपटले आणि हातांनी चुरगळोन टोपल्यांत कोंबिले आणि सरकारी गाईंस घातले, आणि गाईंनी आवडीने खाल्ले, आणि मागच्या वाफ्यांतली निरोगी रोपे पुढे आणोन लाविली, आणि त्याच हातांनी, हात पुसलेली तीच ओली फडकी घेऊन, रिवाजाप्रमाणे विटकरीची पूड लावोन, साऱ्या बागेचे पानन् पान पुसोन काढिले. मग बाग ऐशी चमकली की काचेच्या छतास लाज वाटावी.

महाराज आले. पाहिले. म्हणाले, "वा! हिरवे म्हणजे काय ते आज समजले." आणि बाळोबांस तेथेच शेला दिला. मग भिवराबाई मागोमाग आल्या, आणि दारातच थबकल्या. भाषण पाठ होते ते ओठांवर आले आणि तेथेच राहिले. महाराजांनी विचारिले, "बाई, तुमच्या बागेची एवढी तारीफ केली आणि तुमच्या चेहऱ्यावर हसू नाही?" रिवाज असा की अशा वेळी "महाराजांची कृपा" म्हणावे आणि बाजूस व्हावे. बाई म्हणाल्या, "महाराज, आपण पाहिलीत ती नुसती चवळी आहे. औषध सकाळी गाईंनी खाल्ले." बाळोबांचा शेला खांद्यावरोन घसरला तो त्यांनी उचलिला नाही. ते म्हणाले, "पण बाई, पाटीवर रोगट म्हणोन..." बाई म्हणाल्या, "रोगच तर हवा होता, दारोगासाहेब! तो काढोन घेतलात आणि मला झाडे ठेविलीत." महाराज वाफ्यापाशी वाकले. मग एक पान बोटांत धरोन म्हणाले, "आमच्या राज्यात आम्ही आजवर एक पिवळे पान पाहिले नाही. आम्हांस वाटे, ते नसतेच." आणि तसेच निघोन गेले, आणि पालखीत बसावयाचे विसरले, आणि पालखी रिकामीच मागोन चालली.

बाई तेथोन थेट मानाजींकडे गेल्या. पायरीवर बसल्या आणि जाहले ते सांगितले. ठकूबाईंनी पाणी दिले ते हातातच राहिले. मानाजींनी सगळे ऐकोन घेतले, मानेस हात लाविला, गाठ पहिल्या सुईने तांबडी आणि ऊन जाहली होती, आणि ते म्हणाले, "म्हणजे गाईंना आता कर्करोग होणार नाही." बाई ओरडल्या, "दादा, चेष्टा करू नकोस! पहारेकरी नुकते कूस बदलत होते. पुन्हा हाक नाही मारली तर परत झोपतील. गाठ वाढली तर श्वास दाबेल." मानाजी म्हणाले, "भिवरे, तू आधी पाणी पी. श्वास माझा आहे, घोट तुझा अडकलाय." आणि ठकूबाई पदर कमरेस खोचोन म्हणाल्या, "त्या निवळकरांना माझ्यापुढे आणा. त्यांचीच नखे घासते, हत्तीसारखी." तेव्हा बाई हसल्या, आणि हसता हसता रडल्या, आणि मग उठल्या. परमुलखास जासूद धाडिला की ठिपक्यांचे एक वाळले पान तरी मिळावे. परंतु वाट लांब, नद्या भरलेल्या, आणि गाठीस नद्यांची अडचण नसते हे बाईंस ठाऊक होते. रोज बागेत जावे, काय करावे कळू नये, म्हणोन पाणी घालावे, आणि परत यावे. गावच्या वैद्यांपैकी दोघांनी नवी मसलत दिली: "गाठ कापोन काढावी." शस्त्रवैद्यांनी पाहिले आणि म्हणाले, "मानेच्या मोठ्या शिरेस लपेटली आहे. आम्ही धजत नाही." झाले.

मग पाहणीस पंधरवडा लोटला असेल. सकाळी बाई झारी घेऊन वाफ्यांतून जात होत्या, आणि एका पानावर त्यांस पिवळे काही दिसले. म्हटले, ऊन पडले असेल. सावली केली. पिवळेच. मग शेजारचे पान पाहिले. मग शेजारचे रोप. मग शेजारचा वाफा, आणि पुढचा, आणि मागचा, आणि कोपऱ्यातला, जेथे त्यांचा हात वर्षभर पोहोचला नव्हता तेथलाही, आणि झारी हातातोन पडली आणि पाणी पायांवरोन वाहोन गेले, आणि साऱ्या बागेत, ह्या भिंतीपासोन त्या भिंतीपर्यंत,

ठिपके.

ठिपके.

ठिपके.

बाईंनी बाळोबांस बोलाविणे धाडिले. ते बिचारे त्या दिवसापासोन घराबाहेर पडत नव्हते आणि समया काळ्या पडू लागल्या होत्या. आले ते दारातच हात जोडोन उभे. बाई म्हणाल्या, "दारोगासाहेब, त्या दिवशी पाने पुसलीत ती कशाने?" ते म्हणाले, "फडक्याने." "कोणत्या?" "ज्याने हात पुसत होतो त्याच. रोपे उपटोन हात चिकट जाहले होते." "आणि फडक्यास काही लाविले होते?" बाळोबा मान खाली घालोन म्हणाले, "विटकरीची पूड. आमच्या महालात पूड लाविल्यावाचोन काहीच पुसत नाहीत. जोरात नाही हो पुसले, बाई! पानास इजा होऊ नये म्हणोन अगदी हलके, हत्तीच्या नखास पुसतो तसे." तेव्हा भिवराबाई मटकन खाली बसल्या आणि ऐशा हसल्या की चारही बायका धावत आल्या. मग म्हणाल्या, "अहो, मी चौघींना घेऊन वर्षभर जे करीत आहे ते तुम्ही पन्नास जणांनी एका सकाळी उरकलेत! रोग उपटलात आणि त्याच हातांनी साऱ्या बागेस लाविलात." बाळोबांस निम्मे समजले, परंतु आपणांस रागावत नाहीत एवढे पुरेपूर समजले. म्हणाले, "मग बाई, पुन्हा पुसू?" बाई म्हणाल्या, "दर हंगामास. पण उपटावयाचे मी सांगेन तेव्हा." येणेप्रमाणे झाडलोट महाल आणि एकोणिसावा कारखाना यांची दिलजमाई जाहली.

मग पाने खुडिली आणि रस गाळिला आणि निवळिला आणि सुई भरिली आणि मानाजींच्या मानेत दिली, आणि काही दिवसांनी पुन्हा दिली, आणि पुन्हा, आणि तेथोन पुढे जे युद्ध जाहले त्यास तोफ नाही घोडा नाही निशाण नाही, मानाजींच्या अंगात ज्वर चढला आणि मान तांबडीलाल जाहली, आणि चवळीच्या कणांनी गाठीच्या वेशीत शिरोन अशी हाकाटी केली की निजलेले पहारेकरी उठले, आणि पाणवठ्यावरचे आले आणि हाडांच्या तळघरांतले आले आणि ज्यांस वतने मिळाल्यापासोन कामच नव्हते तेही आले, आणि परक्यास शोधता शोधता त्यांनी गाठीच्या वाड्यात डोकावोन पाहिले आणि म्हणाले, "अरे, हा पोशाख आपला, पण हा माणूस आपला नव्हे!" आणि मग एकच कापाकापी, मागे सरणे नाही, तह नाही, वाडा ढासळला, भिंती ढासळल्या, आणि त्या शिपायांपैकी एकाचेही नाव कोणास ठाऊक नाही म्हणोन येथे एकही लिहिले नाही. इकडे ठकूबाई कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवीत, आणि मानाजी तापात म्हणत, "कोण जिंकतंय?" आणि ठकूबाई म्हणत, "तुमच्याकडचेच असतील, आरडाओरडा फार आहे." भाद्रपदात लिंबाची सुपारी जाहली. मग सुपारीची डाळ जाहली. मग मानेवर नुसता काळसर डाग उरला. सारी नौबतमंडळी पेढे मागू लागली. बाईंनी पेढे देऊ दिले नाहीत. त्यांचे मन मानेत नव्हतेच; ते काखेत होते. ती गाठ तशीच होती. बाई दर आठवड्यास चाचपीत, आणि तोंडावर काही दिसू देत नसत, आणि मानाजी त्यांच्या तोंडाकडे पाहत आणि विचारीत नसत. थोरला भाऊ आणि धाकटी बहीण, दोघे हवापाण्याचे बोलत. त्यांचे इतके हवापाण्याचे बोलणे पूर्वी कधी जाहले नव्हते.

आश्विनाच्या अखेरीस दिवाळी आली. नरकचतुर्दशीस ठकूबाई मानाजींस पाटावर बसवोन तेल लावीत होत्या. पाठ जाहली, खांदा जाहला, डावा हात उचलिला, आणि त्यांचा हात थांबला. पुन्हा फिरविला. म्हणाल्या, "अहो, इथली कुठे गेली?" मानाजी म्हणाले, "मी नाही नेली." ठकूबाई तेलाच्या हातांनीच दारात गेल्या आणि शेजारच्या घराकडे तोंड करोन अशी हाक दिली की कर्णा फिका पडावा: "वन्सं! उटणं राहू द्या, तशाच या!" बाई तशाच आल्या, केस मोकळे, निम्मे उटणे अंगास लागलेले. मानाजींचा हात वर केला आणि चाचपू लागल्या. वरोन पाहिले, खालोन पाहिले, बरगडीच्या कडेने पाहिले, दोन बोटांनी पाहिले, चार बोटांनी पाहिले, डोळे मिटोन पाहिले. तेथे काही नव्हते. तरी शोधीतच राहिल्या. मानाजींस गुदगुल्या होऊ लागल्या. म्हणाले, "भिवरे, पुरे." त्या थांबेनात. "अगं पुरे, मेलो!" आणि ते हसू लागले, आधी खालच्या पट्टीत, मग वरच्या, मग कर्ण्याच्या, आणि पाटावरोन कलंडले, आणि श्वास कोठेही न अडता हसत राहिले. आणि बाई तेलकट, हिरव्या बोटांनी, नाही ते शोधीत राहिल्या.

सारांश हाच की, मानाजी शेवडे यांस कर्करोगापासोन आराम पडला, सुई न लाविलेल्या ठिकाणीही पडला. मागाहोन जे आले त्यांतील कित्येक बरे जाहले, कित्येक जाहले नाहीत, आणि जे जाहले नाहीत त्यांच्यासाठी भिवराबाई दुसरी पाने शोधीत आहेत. महाराजांनी पाहणीचा रिवाज मोडिला. आता स्वारी आली की खोकणारांस पुढे उभे करितात आणि महाराज आधी त्यांची विचारपूस करितात. बाळोबांचा शेला त्यांजकडेच राहिला. चवळी पेरणे चालू आहे. इति वर्तमान, आनंदाचे असल्याने घाईने लिहिले.